पाचव्या मजल्यावरचा हुकूम

पलटण सोडल्यावर माझं पुढचं पोस्टिंग अंधेरी पूर्वेला निघालं. मरोळच्या बाजूला इंडस्ट्रियल इस्टेटीत एक पाच मजली काचेची इमारत होती, तिथे मी सिक्युरिटी सुपरवायझर. फौजेत सुभेदार होतो म्हणून गार्ड मला 'सुभेदार साहेब' म्हणायचे आणि ऑफिसांतली पोरं 'अंकल'. दोन्ही हाकांना मी ओ द्यायचो.

राहायला घाटकोपरला. मेट्रोने मरोळ नाक्याला उतरायचं आणि चालत गेटवर. सकाळी सातला गार्डांचा फॉल-इन. बूट, बेल्ट, टोपी, शिट्टी. शिट्टीची लाल दोरी इतर इमारतींतले गार्ड डाव्या खांद्यावर घालत. माझ्या गार्डांची ती उजव्या खांद्यावर असायची, कारण आमच्या पलटणीत उजवीकडे होती. एजन्सीच्या साहेबांना हे पसंत नव्हतं. मी त्यांचं ऐकून घेतलं आणि बदल काही केला नाही.

संशय माझ्या अंगातच आहे. बायको म्हणते, हा माणूस दुधवाल्यालाही पासवर्ड विचारेल. पण ही सवय पलटणीने लावलेली नाही. घाटकोपरला आमच्या वस्तीत कोणी साहेब म्हणून आला, की आख्खी गल्ली मान डोलवायची. माझे वडील तेवढे विचारायचे, "कुठल्या खात्याचे? कोणी पाठवलं?" त्यांना लोक चिकट म्हणत. मला मात्र ते बरोबर वाटायचं.

माझ्या हाताखाली दामू होता. हवालदार दामोदर कोळी, वेसाव्याचा. घरचा धंदा मासळीचा, पण हा फौजेत आला आणि सिग्नल प्लाटूनमध्ये रेडिओवर बसला. निवृत्तीनंतर मीच त्याला या इमारतीत बोलावून घेतलं. वरचे दोन मजले त्याच्याकडे असायचे. मासळी बाजारात वाढलेला माणूस, घासाघीस केल्याशिवाय काही मान्य करायचा नाही, हुकूमसुद्धा.

त्याची एक गोष्ट पलटणीत सगळ्यांना माहीत होती. उत्तरेला एका पोस्टवर असताना रेडिओवर आवाज आला, गस्तीची पेट्रोल पार्टी नाल्यात उतरवा. आवाज सीओ साहेबांचा, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरचा होता. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. दामू बसूनच म्हणाला, "ऑथेंटिकेट." म्हणजे त्या दिवसाचा ठरलेला संकेत सांगा, मग पुढचं बोलू. पलीकडून शिव्या सुरू झाल्या. दामूने पुन्हा तेच म्हटलं. थोड्या वेळाने आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी सीओ म्हणाले, मी रेडिओवर आलोच नव्हतो. तो आवाज कोणाचा होता, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, त्या इमारतीत एक डॉक्टर केतकी नावाच्या बाई आल्या. मानसशास्त्राच्या. चौथ्या मजल्यावर त्यांनी छोटं ऑफिस घेतलं. अधिकारी माणसाने सांगितलं की लोक का ऐकतात, यावर त्यांचा अभ्यास होता. मॅनेजरने मला बोलावून सांगितलं, "मॅडमना पूर्ण सहकार्य करायचं."

"काय सहकार्य?"

"त्या सांगतील ते."

या उत्तरावरच माझे कान टवकारले.

बाई बोलायला गोड होत्या. त्यांनी मला समजावलं, की पूर्वी परदेशात एक प्रयोग झाला होता. कोट घातलेला एक माणूस शांतपणे सांगायचा, बटण दाबा, आणि साधीसुधी माणसं पलीकडच्या खोलीतल्या माणसाला शॉक देत राहायची. शॉक खोटा होता, ओरडणाराही नाटक करत होता, पण बटण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. पुष्कळ जणांनी शेवटपर्यंत दाबलं.

"तुम्ही तर फौजी," बाई म्हणाल्या. "हुकूम आला की पाळायचा, हो ना?"

"कोणाचा हुकूम ते आधी बघायचं, मॅडम. रात्री पासवर्ड आला नाही तर आमचा पहाऱ्यावरचा संत्री जनरललाही गेटवर उभा करतो."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला ते आवडलं नाही.

काम सुरू झालं. गार्डने लॉबीत उभं राहून सांगायचं, आज फक्त डावीकडच्या दाराने आत जा. कारण द्यायचं नाही. लोक मुकाट वळायचे. साध्या कपड्यातल्या माणसाने तेच सांगितलं की विचारायचे, का रे बाबा? मग बाईंनी पायरी वाढवली. लिफ्टपाशी गार्डने म्हणायचं, भिंतीकडे तोंड करून उभे राहा. एका कंपनीचा मोठा साहेब, हातात लॅपटॉप, खरोखर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला हसू आलं नाही, राग आला. त्याचा आला की माझ्या वर्दीचा, ते सांगता येत नाही.

प्रत्येक वेळी शेवटी बाईंची असिस्टंट हसत हसत यायची, हा अभ्यास होता असं सांगायची आणि कँटीनचं कोल्ड कॉफीचं कुपन द्यायची. पोरं खूश व्हायची. इमारतीत त्याचा बोलबाला झाला. गार्ड काही बोलला की पोरं विचारू लागली, "कुपन आहे ना?"

दामूने पहिल्याच दिवशी हात वर केले. "मी नाय करणार, साहेब."

"मॅनेजरची ऑर्डर आहे, दामू."

"असू दे ना. वर्दी घालून खोटं बोलायचा पगार घेत नाय मी."

मी त्याची ड्यूटी त्या कामातून काढली. पण माझ्या मनातही तेच होतं. मी बाईंकडे गेलो आणि एक अट घातली. आग, बॉम्ब, भूकंप हे शब्द माझ्या गार्डाच्या तोंडून खोटे निघणार नाहीत. बाकी खेळ करा. बाई लगेच म्हणाल्या, "अर्थातच, सुभेदार साहेब." इतक्या लगेच म्हणाल्या, की मला पुन्हा विचारावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की त्यांनी लॉबीत लावलेला कॅमेरा दाराकडे नाही, माझ्या टेबलाकडे आहे. मी सरळ विचारलं.

"तुम्हीही अभ्यासात आहात," बाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तर वेगळे वागला असतात."

"मग आता वेगळा वागतो," म्हणालो, आणि कॅमेऱ्यावर टोपी अडकवली. मॅनेजरने दुपारी ती काढायला लावली. काढली.

पुढच्या सोमवारी मी जिन्याने वर चाललो होतो. पाचव्या मजल्यावरून तीस-पस्तीस माणसं धडाधडा खाली येत होती. काहींच्या पायात चपला नव्हत्या. एक पोरगी रडत होती. त्यांच्यामागे एक गार्ड ओरडत होता, "आग! आग! जल्दी नीचे!" चेहरा ओळखीचा नव्हता. मी त्याच्या खांद्याकडे पाहिलं. लाल दोरी डावीकडे होती.

मी त्याला कॉलरला धरून भिंतीला लावला. "कोण तू?"

"सर, सर, आर्टिस्ट आहे मी! बब्बन! ज्युनियर आर्टिस्ट! हवालदार, जेलर, वॉचमन, सगळं केलंय, कोणालाही विचारा. मॅडमनी बुलाया ना. एक दिन का काम."

"आग कुठे आहे?"

"नाय ना आग. कॅरेक्टर आहे."

तोपर्यंत खाली लॉबीत असिस्टंटने कुपनं वाटायला सुरुवात केली होती. रडणारी पोरगी डोळे पुसून हसत होती. तिचं नाव श्रुती. इतर लोक एकमेकांना टाळ्या देत होते, "काय फसवलं यार, एक नंबर!" बब्बनला त्यांनी सेल्फीसाठी मध्ये उभं केलं. तो बिचारा माझ्याकडे बघत बघत उभा राहिला.

मी बाईंना म्हणालो, "आपलं ठरलं होतं."

"तुमच्या गार्डाच्या तोंडून नाही, असं ठरलं होतं. तो तुमचा गार्ड नव्हता." मग म्हणाल्या, "तुम्ही परवानगी दिली नसती, सुभेदार साहेब."

"नसतीच दिली."

मॅनेजर म्हणाला, झालं ते झालं, कोणाला लागलं तर नाही ना. दामू ते ऐकत उभा होता. जिन्यात त्याने मला थांबवलं. "त्या नाटक्याचा शर्ट आणि माझा शर्ट एकच कपडा, साहेब. उद्या मी ओरडलो तर कोण उठेल?"

मी म्हणालो, एजन्सीला कळवतो, त्या बाईंचं काम बंद करायला लावतो. त्याच दिवशी फोन केला. तिकडचा साहेब म्हणाला, बघू.

गुरुवारी दुपारी जेवणं नुकतीच आटपली होती. मी कंट्रोलला होतो. वॉकी-टॉकीवर दामू आला.

"कंट्रोल, दामू. चौथ्यावर वायरिंगच्या डक्टमधून धूर. वर चढतोय. ओव्हर."

"रंग? ओव्हर."

"काळा."

काळा धूर म्हणजे प्लॅस्टिक जळतंय. मी फायर ब्रिगेडला फोन केला, लिफ्ट बंद केल्या, भोंगा लावला. भोंगा काही ना काही कारणाने एरवीही वाजायचा, त्याला कोणी जुमानत नव्हतं. प्रत्येक मजल्यावर गार्ड पाठवले. चौथा मजला धूर बघूनच सुटला, डॉक्टर बाईही त्यात होत्या. खालचे तीन मजले कुरकुरत का होईना, निघाले.

"कंट्रोल, पाचवा हलत नाय. हसतायत. कुपन कुठंय विचारतायत. ओव्हर."

"माझं नाव सांग. सुभेदार साहेबांचा हुकूम आहे म्हणून सांग. ओव्हर."

मग दामू म्हणाला, "सांगितलं. म्हणतात अंकलपण सामील आहेत. एकजण माझा व्हिडिओ काढतोय."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. फौजेत मी आवाज चढवला की शंभर माणसं हलायची. त्या दिवशी पाचव्या मजल्यावर माझ्या नावाला काहीच किंमत उरली नव्हती, आणि माझ्याबरोबर दामूच्याही. त्याने तर एकदाही नाटक केलं नव्हतं.

पुढे वर काय घडलं ते मला व्हिडिओ काढणाऱ्या त्या पोरानेच नंतर सांगितलं. दामू दोन मिनिटं ओरडत राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून टाकली. शर्टाची बटणं सोडली. शर्ट काढून हातात घेतला आणि भोकं पडलेल्या बनियनवर सगळ्यांच्या मध्ये उभा राहिला. आता हसू कमी झालं.

"मी वॉचमन नाय, काय नाय," तो म्हणाला. "दामू कोळी, वेसाव्याचा. दोन पोरी आहेत मला. मी तुम्हाला चला म्हणतच नाय. तू ये, तू. मोबाईलवाला. इथं हात लाव."

त्याने त्या पोराचा हात धरून डक्टच्या पत्र्याच्या दारावर टेकवला. पोराने किंचाळून हात मागे घेतला. तळव्याला फोड आला होता. तो पोरगा मग जे ओरडला, ते दामूला दहा जन्मांत जमलं नसतं. मजला उठला.

मी खाली जिन्याच्या तोंडाशी उभा राहून माणसं मोजून बाहेर काढत होतो. तेवढ्यात वॉकी-टॉकी वाजला.

"कंट्रोल, मागच्या मीटिंग रूममध्ये चार पोरं आहेत. नवीन आहेत. साहेबाने सांगितलंय मी येईपर्यंत उठायचं नाय, म्हणून बसलीत. दार लावलंय आतून."

त्यांचा तो साहेब माझ्या शेजारीच उभा होता. सिगारेट ओढायला खाली आला होता.

"दामू, जिना दिसतोय का? ओव्हर."

"नाय दिसत."

"फायर ब्रिगेड साकीनाक्यावरून निघालीय, पोचतेच आहे. ते मास्क घालून वर येतील. तू खाली ये. आत्ता. हा माझा हुकूम आहे. ओव्हर."

"ऑर्डर ऐकली. येत नाय, साहेब. आऊट."

सिग्नलचा माणूस 'आऊट' म्हणतो तेव्हा तो उत्तराची वाट पाहत नाही. मी तरी दोनदा बोलावलं. मग जिना चढायला निघालो. दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात मागून आलेल्या फायरमननी मला बाजूला केलं आणि मास्क लावून वर गेले.

चौघं त्यांना वाटेतच भेटली. पुढच्याच्या खांद्यावर मागच्याचा हात, अशी एका रांगेत भिंतीला धरून उतरत होती. दामूने त्यांना तसंच लावून दिलं होतं. चौघांत शेवटी श्रुती. तिच्या नाकातोंडाला ओला निळा शर्ट बांधलेला होता. दोरी उजव्या खांद्यावर शिवलेली होती, म्हणून मी तो लगेच ओळखला.

"हा शर्टवाला कुठे आहे?" मी विचारलं.

"मागेच होते," ती म्हणाली. "खांद्यावर हात होता त्यांचा. मग नव्हता."

फायरमननी त्याला चौथ्याच्या वळणावरून आणला. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत तो गेला होता. मी हॉस्पिटलच्या गेटपाशीच रडलो. बरोबर आलेले गार्ड बघत होते, बघू दिलं.

डॉक्टर बाई संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये आल्या. "मला वाटायचं लोक नको इतकं ऐकतात," त्या म्हणाल्या. "तेवढंच दाखवायचं होतं मला."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. सांत्वन करायची माझी इच्छा नव्हती. त्यांनी अभ्यास बंद केला आणि चौकशीत स्वतःहून सगळं सांगितलं, हे मात्र खरं. बब्बन तर मयतीला आला होता. लांब उभा राहून गेला.

मला संशय आला तो नंतर. मॅनेजरने लॉबीत दामूचा फोटो लावला, हार घातला आणि खाली पाटी लिहून घेतली, 'वरिष्ठांच्या आदेशाचे पालन करताना वीरमरण'. चौकशीतही तेच सांगितलं. वाक्य चांगलं होतं. पण सुभेदाराने पाठवला आणि हवालदार गेला, एवढ्यावर ते मिटत होतं. मग पाचवा मजला हसत का बसला होता, हे विचारायची कोणाला गरज नव्हती. मी मॅनेजरला म्हणालो, पाटी खोटी आहे, काढा. तो म्हणाला, "साहेब, सन्मानच आहे ना?" मी स्वतः स्क्रू ड्रायव्हर आणला.

पण ते वाक्य वेसाव्याला आधीच पोचलं होतं. दामूची बायको हिराबाई अंधेरीच्या बाजारात मासे विकते. पलटणीपासून मला ओळखते. मयतीत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी दोनदा घरी गेलो, दोन्ही वेळा धाकट्या पोरीने दारातूनच सांगितलं, आई झोपलीय. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

दहाव्याला मी पुन्हा गेलो. समुद्राच्या कडेला विधी झाले. माणसं पांगली. होड्या वाळूत ओढून ठेवल्या होत्या, तिथे हिराबाई दोन्ही पोरींना घेऊन बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"तुमच्यावर लई भरवसा होता त्याचा. वर का पाठवलात?"

"मी पाठवला नाही, वहिनी."

"पाटीवर लिवलंय ना."

"पाटी खोटी होती. मी उखडून टाकली."

तिचा विश्वास बसला नाही. मी कसाही समजावत बसलो असतो तरी बसला नसता. मी टाचा जुळवल्या, सावधानमध्ये उभा राहिलो आणि तिला रिपोर्ट दिला, जसा कमांडिंग ऑफिसरला देतात.

"हवालदार दामोदर कोळी, सिग्नल प्लाटून. पाचव्या मजल्यावर धुरात होता. मी त्याला रेडिओवर खाली यायचा हुकूम दिला. त्याने हुकूम ऐकला आणि मोडला. वर चार पोरं अडकली होती. चारी जिवंत आहेत."

हिराबाईने मान वर केली.

"तुम्ही ये म्हणालात?"

"हो."

"आणि तो नाय म्हणाला?"

"येत नाय, साहेब. असंच म्हणाला."

तिने पदराने तोंड पुसलं. मग पोरींकडे वळली.

"ऐकलंत गं? बाबा कुणाच्या सांगण्यावरून नाय गेला."